रिडेव्हलपमेंटमध्ये आवारातली मोठी झाडं वाचवायची आहेत, सुरुवात कुठून करावी?

सोनमोहर

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसती वाचत असते, आज लिहायला बसले कारण चार दिवस झोप नाहीये. आमची सोसायटी १९६८ सालची, तीन इमारती, लिफ्ट नाही, पाइप गळतात, रिडेव्हलपमेंटला जायचं ठरलंय आणि त्याला माझा स्वतःचा होकार आहे, सही केलीये. प्रश्न झाडांचा आहे. आवारात ३४ झाडं आहेत, त्यातली ११ खरंच मोठी. दोन वर्षावृक्ष, एक चिंच, तीन सोनमोहर, एक पिंपळ, दोन आंबे, एक जांभूळ, एक बकुळ. बकुळ माझ्या सासूबाईंनी लावलेली, बाकीची बरीचशी इमारतीच्याही आधीची असावीत.

मागच्या मंगळवारी सकाळी खाली गेले तर प्रत्येक बुंध्यावर पांढऱ्या रंगात नंबर. चिंचेवर १७. रंग अजून ओला होता, मुंग्यांची रांग त्या सातला वळसा घालून वर चालली होती. कोणी रंगवले, कशासाठी, कमिटीत कोणालाच नीट सांगता येईना. मग बिल्डरच्या प्रेझेंटेशनच्या दिवशी नकाशा बघितला तर मोठा वर्षावृक्ष आहे तिथे बेसमेंटचा रॅम्प. विचारलं तर उत्तर आलं की काळजी करू नका, एका झाडाच्या बदल्यात भरपूर झाडं लावू, वर पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर, गार्डनपण देतोय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एकटीच उभी राहिले आणि मला धड बोलता आलं नाही, रडू येईल असं वाटलं म्हणून खाली बसले.

कोणी यातून गेलंय का? अजून काही करता येतं का, की उशीर झाला?

पिंपळपान

सोनमोहर ताई, उशीर झाला का हे एकाच गोष्टीवर ठरतं, नकाशे मंजुरीला गेलेत का? डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटवर सह्या झाल्यात का? नसतील तर अजिबात उशीर झालेला नाही, उलट हीच वेळ आहे. आमच्याकडे आम्ही जागे झालो ते करवत चालू झाल्यावर. मी स्वतः झाडाला मिठी मारून उभी होते, पोलीस आले, फोटो निघाले, पेपरात आलं, आणि संध्याकाळपर्यंत नऊपैकी सात झाडं आडवी झाली कारण परवानगीचा कागद त्यांच्या हातात होता. त्या दिवसानंतर मी एवढंच शिकले की लढायचं ते कागदावर रेघ ओढली जाण्याआधी. बुंध्याशी पोचेपर्यंत सगळं ठरून गेलेलं असतं.

चौथा_मजला

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझी आई ७९ वर्षांची आहे, चौथ्या मजल्यावर राहते, गुडघे गेलेत, गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या छताचा पोपडा तिच्या पायाशी पडला. आमचं रिडेव्हलपमेंट सहा वर्षं रखडलंय, कधी बिल्डरमुळे कधी मेंबरांच्या भांडणांमुळे, आणि आता झाडांवरून कोर्टात जायचं म्हणतायत. मला झाडं आवडतात हो, पण आईला खाली उतरून त्या झाडाखाली बसता येत नाही आठ महिने झाले. झाडं वाचवताना आमच्यासारख्यांची घरं अजून दोन वर्षं लांबणार असतील तर मी विरोधात मत देणार, हे खरं सांगतो.

सोनमोहर

चौथा मजला, राग कसला, तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. आमच्याकडेही अशा दोन आज्या आहेत. म्हणूनच मला थांबवायचं नाहीये, मला तो रॅम्प दुसरीकडे हवाय.

नकाशेवाला

मी आर्किटेक्ट आहे, सोसायट्यांची कामं करतो, त्यामुळे आतून काय होतं ते सांगतो, जरा मोठी पोस्ट होईल.

पहिलं म्हणजे इमारतीच्या पायाखाली येतात म्हणून जाणारी झाडं तुलनेनं कमी असतात, कारण जुन्या आवारात मोठी झाडं बहुतेक कडेला असतात, कंपाउंडच्या आत चार-सहा मीटरवर. ती जातात बेसमेंटमुळे. पार्किंगचा आकडा बसवायचा असतो, म्हणून बेसमेंट किंवा पोडियम पार हद्दीपर्यंत ओढतात, त्यातून फायर ब्रिगेडची गाडी फिरायला इमारतीभोवती मोकळा कडक रस्ता लागतो, मग पाण्याची टाकी, सबस्टेशन, ड्रेनेजची लाइन. या सगळ्यासाठी जी कडेची पट्टी वापरतात नेमकी तीच झाडांची पट्टी असते. आणि हे कोणी दुष्टपणे करतं असंही नाही, बऱ्याचदा ड्रॉइंग सुरू होतं तेव्हा सर्व्हे प्लॅनवर झाडं दाखवलेलीच नसतात, किंवा सगळी एकसारखी बारीक गोल टिंबं असतात, तुमचा वर्षावृक्ष आणि शेजारची कडीपत्त्याची काडी दोन्ही एकाच मापाची. मग ड्राफ्टिंग करणाऱ्या पोराला काय कळणार.

त्यामुळे पहिलं काम, स्वतः टेप घेऊन खाली उतरा. जमिनीपासून दीड मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, बुंध्याचा घेर मोजा. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास. व्यासाला १२ ने गुणलं की जे अंतर येतं तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ झाडाभोवती काढा. हा माझ्या मनाचा हिशोब नाही, ब्रिटनचं बीएस ५८३७ नावाचं मानक आहे, बांधकामाशेजारच्या झाडांसाठीच, २०१२ ची आवृत्ती, त्यात हे मुळांचं संरक्षित क्षेत्र म्हणून दिलंय (१५ मीटर त्रिज्येच्या पुढे वाढवायचं नाही अशी मर्यादाही आहे). आपल्याकडे ते बंधनकारक नाही पण कुठल्याही आर्किटेक्टसमोर ठेवलं तर त्याला विषय कळतो. त्या वर्तुळात खोदाई नाही, भराव नाही, मटेरियल ठेवायचं नाही, मिक्सरचं पाणी सोडायचं नाही, ट्रक उभा करायचा नाही.

लोकांना वाटतं मुळं खोल खोल जातात. मोठ्या झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत आडवी पसरलेली असतात. त्यामुळे "झाडाला हात लावला नाही, फक्त शेजारी खणलं" या वाक्याला काही अर्थ नसतो. जेसीबीने एका बाजूची मुळं कापली की झाड लगेच मरत नाही, दोन-तीन पावसाळे काढतं, मग शेंड्याकडून वाळायला लागतं किंवा एखाद्या वादळात त्याच बाजूने उलटतं, आणि तेव्हा सगळे म्हणतात झाड धोकादायक होतं. ट्रक फिरून माती दबली तरी तेच, मुळांना हवा मिळत नाही.

पोडियम गार्डनबद्दल. स्लॅबवर माती किती देतात ते विचारा. तीन-चार फूट दिली तरी खाली काँक्रीट आहे आणि भार ठरलेला आहे, तिथे झुडपं होतील, चाफा होईल, वर्षावृक्ष कधीच होणार नाही.

सोनमोहर

नकाशेवाला, खूप खूप आभार. आत्ता दुपारी मी आणि दहावीतली शेजारची मुलगी खाली जाऊन मोजून आलो, माझ्याकडे शिवणाची टेप, ती दीड मीटरचीच, मग सुतळी गुंडाळून खूण करून नंतर सुतळी मोजली. मोठ्या वर्षावृक्षाचा घेर २ मीटर ८३ सेंटिमीटर. म्हणजे व्यास ९० सेंमी आणि वर्तुळ १० मीटर ८० सेंमी. पावलं टाकत गेले तर ते वर्तुळ थेट बी विंगच्या जिन्यापर्यंत येतं. एवढ्या वर्षांत मी रोज त्या मुळांवरून चालत होते आणि मला माहीत नव्हतं.

चिंचेच्या मागच्या बाजूला एक ढोली आहे, तिथे हात घालू नका असं मुलीला म्हणाले तोवर आतून पोपटाचं डोकं बाहेर आलं.

कायद्याचं_बोला

महाराष्ट्रात असाल असं धरून लिहितो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा मुख्य कायदा. त्यानुसार महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण असतं, खाजगी आवारातलं झाडसुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, जमीन माझी म्हणून झाड माझं असं चालत नाही. आणि "तोडणे" याची व्याख्या मोठी आहे, जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं त्यात येतं. म्हणजे साल सोलणं, बुंध्यात काही ओतणं, छाटणीच्या नावाखाली नुसता खांब उरवणं, हे सगळं तक्रारीचे मुद्दे आहेत, फोटो काढा तारखेसकट.

२०२१ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड हे हेरिटेज झाड, प्राचीन वृक्ष. तोडायची परवानगी दिलीच तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची, किमान ६ फूट उंचीची, आणि सात वर्षं जगवायची. २०० किंवा जास्त झाडांचा प्रस्ताव राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे पाठवायची तरतूदही त्या दुरुस्तीत होती. तुमची ३४ आहेत म्हणजे महापालिकेकडेच.

आता ताई, तुमची इमारत १९६८ ची म्हणालात ना, हे सोन्यासारखं आहे. झाड इमारतीच्या आधीचं आहे हे दाखवता आलं की पन्नास वर्षांचा प्रश्नच मिटला. जुने फोटो शोधा, वास्तुशांतीचे, मुंजीचे, कोणाच्या तरी अल्बममध्ये मागे बुंधा दिसेलच. सोसायटीची जुनी मिनिट्स बघा, फांद्या छाटल्याच्या खर्चाची नोंद सापडते. कायद्याप्रमाणे झाडांची गणना दर पाच वर्षांनी व्हायला हवी, तुमच्या आवाराची नोंद आरटीआय टाकून मागवा आणि बुंध्यावरच्या नंबरांशी जुळवा. अर्ज आला की वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस लावावी लागते, हरकतीची मुदत फार थोडी असते, म्हणून रोज कोणीतरी बुंध्याकडे बघायचं. हरकत लिहिताना "झाडं वाचवा" एवढंच लिहू नका, झाड क्रमांक, जात, घेर, ते का जातंय आणि न तोडता काय करता येईल हे लिहा.

मातीचा_वास

वयाइतकी झाडं लावायची हे ऐकायला बरं वाटतं, पण तुमचा वर्षावृक्ष ६० वर्षांचा धरला तर एकट्यासाठी ६० रोपं, अकरा मोठ्या झाडांची मिळून काही शे. ती लावणार कुठे? रिडेव्हलपमेंट झालेल्या प्लॉटवर तेवढी मातीच उरत नाही. मग ती जातात कुठेतरी लांबच्या जागेवर, आणि ज्या रस्त्यावरची सावली गेली तिथल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही. कमिटीला प्रश्न विचारा की बदली झाडं नेमकी कुठे, जागा दाखवा, आत्ता जाऊन बघू. आमच्याकडे हा एक प्रश्न विचारल्यावर मीटिंगमध्ये शांतता पसरली होती.

दिल्लीत_होतो

मी २०१८ च्या जूनमध्ये दिल्लीत नोकरीला होतो, तेव्हाचं सांगतो. सरकारी कर्मचाऱ्यांच्या सात जुन्या वसाहती पाडून नव्या बांधायच्या होत्या, सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर वगैरे. बैठी दोन मजली घरं आणि मध्ये नुसती झाडं, कडुनिंब, पिंपळ, जांभूळ. चौदा हजारांच्या वर झाडं तोडायचं घाटत होतं. लोक रस्त्यावर आले, मीपण एका रविवारी गेलो होतो, लहान पोरं झाडांना मिठ्या मारून उभी, ४२ डिग्री असेल, आणि त्या झाडांच्या खाली उभं राहिलं की ऊन जाणवत नव्हतं, बाहेर पाऊल टाकलं की भाजत होतं. हायकोर्टाने तोडणीला स्थगिती दिली आणि मंत्रालयाला डिझाइनचा फेरविचार करायला लागला. नौरोजी नगरात तोवर बरीच झाडं गेली होती. म्हणजे डिझाइन बदलता येतं, सरकारी प्रकल्पाचं बदललं तर सोसायटीचं का नाही.

अजून एक, तुम्हाला कोणीतरी "ट्रान्सप्लांट करू" म्हणेलच, म्हणजे मुळासकट उचलून दुसरीकडे. दिल्लीने २०२० मध्ये त्याचं धोरण काढलं, ८० टक्के झाडं जगली पाहिजेत अशी अट घातली. २०२२ मध्ये सरकारनेच हायकोर्टात सांगितलं की आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या झाडांपैकी जेमतेम एक तृतीयांश जगली. मी पाहिलीयेत ती झाडं, फांद्या सगळ्या छाटलेल्या, कापडाने बांधलेले खांब ओळीने उभे.

पिंपळपान

ट्रान्सप्लांटबद्दल अगदी सहमत. आमच्या नवापैकी दोन "हलवली" होती. एक पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. दुसऱ्याला पालवी आली, आम्ही सगळे खूश, मी पाणी घालायला जायचे रविवारी रिक्षाने, आणि पुढच्या वर्षी तेही वाळलं. साठलेल्या अन्नावर झाड एकदा पालवतं म्हणे, मुळं धरलेली नसली तरी.

टेम्सकाठ

मी लंडनमध्ये राहते, इथलं एक प्रकरण सांगते. हॅकनी भागातल्या वूडबेरी डाउन वसाहतीच्या पुनर्विकासात एक प्लेन जातीचं (आपल्या चिनारच्या कुळातलं) झाड होतं, सुमारे १५० वर्षांचं, शेजारी पूर्वी हॅपी मॅन नावाचा पब होता म्हणून त्याला हॅपी मॅन ट्री म्हणायचे. लोकांनी प्रचंड मोहीम केली, बुंध्याभोवती चिठ्ठ्या, रिबिनी, चित्रं. २०२० मध्ये त्याला इंग्लंडचं ट्री ऑफ द इयर म्हणून निवडलं. आणि २०२१ च्या जानेवारीत ते तोडलं. कारण आराखडा आधीच ठरलेला, झाडाची जागा बांधकामात गेलेली, आता बदललं तर गरजूंची घरं लांबतील असं सांगितलं गेलं. चौथा मजला यांचा मुद्दा तिथेही होता आणि तोही खोटा नव्हता, घरांसाठी वर्षानुवर्षं रांगेत असलेली माणसं खरीच होती. घर की झाड असं भांडण लागायची वेळ आली याचाच अर्थ आराखडा काढणाऱ्यांनी सुरुवातीला झाड बघितलंच नव्हतं असं मला वाटतं.

चौथा_मजला

हे वाचून मी जरा थांबलोय. म्हणजे आत्ता नकाशा काढतानाच केलं तर उशीर होत नाही, नंतर केलं तर होतो. असंच ना? मग आमच्या कमिटीने सहा वर्षांत एकदाही झाडं नकाशावर का घेतली नाहीत, हा प्रश्न मीच विचारायला हवा होता.

नकाशेवाला

चौथा मजला, अगदी तेच. टेंडरच्या आधी ट्री सर्व्हेला दोन-तीन दिवस लागतात. मंजूर प्लॅन सुधारायला महिने.

सोनमोहर ताई, तुमचं कुठल्या टप्प्यावर आहे? सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे, सोसायट्यांच्या पुनर्विकासाची पद्धत त्यात दिलीये, आधी सल्लागार नेमणं, मग फीजिबिलिटी रिपोर्ट (प्रकल्प जमेल का याचा अहवाल), मग टेंडर, मग सभेत निवड, मग करार. फीजिबिलिटीच्या टप्प्यावरच झाडांचा सर्व्हे जोडायला सांगा. करारात लिहून घ्या कोणती झाडं क्रमांकासकट राहणार, भोवती पत्र्याचं कुंपण काम सुरू व्हायच्या आधी लागणार, आणि झाड गेलं तर भरपाई किती. तोंडी आश्वासनाचं पोडियम होतं शेवटी.

सोनमोहर

सल्लागार नेमलाय, दोन बिल्डरांनी प्रेझेंटेशन दिलंय, करार नाही. म्हणजे वेळ आहे. हे टाइप करताना हात थरथरतायत माझे.

कायद्याचं_बोला

एक भर घालतो, पैशाची भाषा कळणाऱ्या मेंबरांसाठी. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने एका झाडाची किंमत वर्षाला ७४,५०० रुपये धरली होती, गुणिले वय, पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांच्या प्रकरणात, ३५६ झाडं होती, २०२१ मध्ये ते गाजलं. पण सांगताना अर्धवट सांगू नका, त्याच प्रकरणात २०२३ मध्ये कोर्टाने तोडायला परवानगी दिली. दुसरीकडे २०२५ च्या मार्चमध्ये मथुरा-वृंदावन भागात परवानगीशिवाय तोडलेल्या ४५४ झाडांसाठी सुप्रीम कोर्टाने झाडामागे एक लाख दंड कायम केला आणि एवढं हिरवं आच्छादन परत यायला किमान शंभर वर्षं लागतील असं म्हटलं. सभेत कोणी "तोडून टाकू, दंड भरू" म्हणालं तर हे वाचून दाखवा.

सोनमोहर

मंडळी, अपडेट. उशिरा देतेय, मध्ये तीन आठवडे गेले.

आम्ही सहाजण झालो. त्यात एक निवृत्त सर्व्हेअर काका निघाले, इतकी वर्षं शेजारी राहतात आणि मला माहीत नव्हतं. त्यांनी सगळी ३४ झाडं जुन्या प्लॉटच्या नकाशावर मापात बसवली, आणि अकरा मोठ्यांची वर्तुळं लाल पेन्सिलने काढली. ए विंगच्या काकूंकडे १९७१ चा फोटो सापडला, त्यांच्या मुलाच्या बारशाचा, मागे चिंच तेव्हाच माणसाच्या कवेत न मावणारी.

सभेत मी रडले नाही. नकाशा फिरवला आणि प्रत्येकाला आपापल्या खिडकीसमोरचं झाड शोधायला सांगितलं. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही, सगळे वाकून बघत होते. मग ज्यांनी मागच्या वेळी मान डोलावली होती त्यांच्यातल्याच एकांनी विचारलं की रॅम्प गेटाच्या उजव्या अंगाला का नाही, तिथे तर नुसतं जुनं गॅरेज आहे. सल्लागार म्हणाले बघता येईल, बेसमेंट त्या बाजूने आत घ्यावं लागेल, आठ-दहा गाड्या मेकॅनिकल पार्किंगवर (यंत्राने एकावर एक ठेवायच्या) जातील. त्यावरून चांगलीच खडाजंगी झाली, दोन मेंबर उठून गेले. शेवटी ठराव झाला, अकरापैकी आठ झाडं राखायची अट टेंडरमध्ये घालायची. एक आंबा, जांभूळ आणि बकुळ इमारतीच्या पायातच येतायत, ती वाचत नाहीत.

बकुळ सासूबाईंची. त्या दिवशी घरी येऊन मी त्यांच्या फोटोसमोर बराच वेळ बसले. बिया गोळा केल्यात, बावीस रुजत घातल्यात कुंड्यांमध्ये, आत्तापर्यंत तीन वर आल्यात.

अजून बिल्डरचं उत्तर यायचंय. नकाशेवाला, पत्र्याच्या कुंपणाचं कलम नेमकं कसं लिहायचं ते सांगाल का, शुक्रवारी टेंडरचा मसुदा जातोय.

नकाशेवाला

उद्या सकाळी लिहून देतो. वर्षावृक्षासाठी कुंपणाचं अंतर १०.८ मीटरच धरा, ते म्हणतील सहा पुरे, सोडू नका.

चौथा_मजला

आमच्याकडे रविवारी मोजणी आहे, सकाळी सातला. सुतळी घेतलीये. आई खिडकीतून सांगणार आहे कोणतं झाड कोणी लावलं ते.